नागिणीचे तोंड, शेपूट आणि पहिले ७२ तास

प्रश्न विचारणाऱ्या गृहस्थांनी लिहिले आहे ते थोडक्यात असे. ते कोल्हापुरात राहतात. त्यांच्या ६४ वर्षांच्या आईच्या डाव्या बरगडीखाली चार-पाच दिवस आग होत होती. हृदयाचे दुखणे असेल म्हणून ईसीजी काढला, तो व्यवस्थित निघाला. परवा संध्याकाळी त्याच जागी लाल चट्टे उठले आणि त्यांवर पाणीदार फोडांचे घोस आले. आईंना बारा वर्षांपासून मधुमेह आहे. गावाकडची मंडळी म्हणतात की ही नागीण आहे, जाणकाराकडून काव (लाल माती) लावून आणि मंत्र घालून उतरवून घ्या. तोंड आणि शेपूट जुळले तर जिवावर बेतेल. घरात पत्नी पाच महिन्यांची गरोदर आहे. तेव्हा आईला गावी न्यावे की डॉक्टरांकडे, आणि तोंड-शेपूट जुळण्याची भीती खरी आहे का, असे त्यांनी विचारले आहे.

ती भीती निराधार आहे आणि त्याचे कारण मी पुढे सांगतो. मात्र तुमच्या प्रश्नात 'परवा संध्याकाळी' हे शब्द सहज लिहून गेले आहेत, ते मला त्या भीतीपेक्षा महत्त्वाचे वाटतात. नागिणीवरचे विषाणूरोधक औषध पुरळ उठल्यापासून ७२ तासांच्या आत सुरू झाले तर त्याचा सर्वाधिक उपयोग होतो, आणि तुमच्या आईंचे त्यांतले निम्म्याहून अधिक तास सरले आहेत. फोड वाळतील का, ही खरी अडचण नाही. ते कोणी काहीही केले नाही तरी वाळतात. फोडांच्या खाली जो मज्जातंतू सुजला आहे त्याची किती हानी होते आणि वेदना किती महिने मागे राहते, यावर सगळे ठरते.

कोल्हापुरात मी गेली सत्तावीस वर्षे फॅमिली डॉक्टर म्हणून दवाखाना चालवतो. दर महिन्याला नागिणीचे दोन-तीन रुग्ण तरी येतात आणि त्यांतले निम्मे अंगावर काव घेऊनच येतात. तरीही रुग्ण प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय निदान पक्के होत नाही, हे आधी नोंदवतो. विशेषतः पावसाळ्यात रात्री दिव्याभोवती एक बारीक किडा येतो. तो अंगावर चिरडला गेला की त्याच्या रसाने भाजल्यासारखा लांबट पट्टा उठतो, आणि लोक त्यालाही नागीणच म्हणतात. फरक असा, की त्यात आधी चार दिवस दुखत नाही. माणूस रात्री ठणठणीत झोपतो आणि सकाळी पट्टा घेऊन उठतो. तुमच्या आईंना आधी आग, मग एकाच बाजूला फोड, असा क्रम आहे. एवढ्या वर्णनावरून तरी ही नागीण असण्याचीच शक्यता फार मोठी आहे.

आता हा आजार शरीरात नेमका कुठे असतो ते पाहू, कारण ते कळले की पुढचे बहुतेक प्रश्न आपोआप सुटतात. नागीण बाहेरून येत नाही. लहानपणी कांजिण्या होतात, अंगभर फोड येऊन जातात, घरात कडुलिंबाचा पाला येतो, आणि पंधरा दिवसांत सगळे विसरून जातात. पण कांजिण्यांचा विषाणू शरीरातून जात नाही. तो त्वचेतून मज्जातंतूंच्या मार्गाने आत सरकतो आणि पाठीच्या कण्यालगत, तसेच कवटीच्या तळाशी, संवेदना वाहणाऱ्या मज्जापेशींच्या ज्या लहान लहान गाठी असतात त्यांत निपचित पडून राहतो. पन्नास वर्षे तो तिथे काहीही करत नाही, कारण आपली प्रतिकारशक्ती त्याच्यावर लक्ष ठेवून असते. वय वाढल्याने, मधुमेहाने, कर्करोगाच्या उपचारांनी, दीर्घकाळ घेतलेल्या स्टिरॉइडने किंवा एचआयव्हीच्या संसर्गाने ही राखण ढिली पडली की एखाद्या गाठीतला विषाणू जागा होतो. तिथे वाढतो, त्या गाठीला सूज आणतो आणि आला त्याच तंतूवरून उलट प्रवास करीत त्वचेपर्यंत पोहोचतो.

हे कोडे उलगडण्यात एका साध्या फॅमिली डॉक्टरचा मोठा वाटा आहे, आणि त्याचा मला व्यवसायबंधू म्हणून थोडा अभिमानही वाटतो. इंग्लंडमधील सायरेन्सेस्टर या लहान गावात एडगर होप-सिम्पसन नावाचे डॉक्टर होते. त्यांनी आपल्या दवाखान्यात आलेल्या नागिणीच्या प्रत्येक रुग्णाची सोळा वर्षे नोंद ठेवली. असे १९२ रुग्ण झाले. त्या नोंदींवरून त्यांनी १९६५ साली मांडले की नागीण म्हणजे दुसऱ्याकडून लागलेला रोग नसून स्वतःच्याच जुन्या कांजिण्यांचा विषाणू पुन्हा जागा होणे आहे, आणि वय वाढेल तसे त्याचे प्रमाण वाढते. दोन्ही आजारांचा विषाणू एकच आहे हे थॉमस वेलर यांनी १९५० च्या दशकात प्रयोगशाळेत दाखवले होतेच.

या उलट प्रवासामुळेच दुखणे आधी आणि फोड नंतर असा क्रम लागतो. आतली गाठ सुजते तेव्हा त्या तंतूच्या हद्दीत आग, टोचणी, कळा किंवा नुसती खाज सुरू होते, आणि त्वचा मात्र स्वच्छ दिसते. बहुधा एक ते पाच दिवस असे चालते. या दिवसांत डॉक्टरही फसतात. तुमच्या आईंचा ईसीजी काढला हे योग्यच झाले. साठीतल्या मधुमेही बाईच्या डाव्या छातीतल्या दुखण्यात तो काढलाच पाहिजे. माझी फसगत वेगळी झाली होती. दवाखाना सुरू करून दोन-तीन वर्षे झाली असतील. गुऱ्हाळावर काम करणारे पन्नाशीचे एक गृहस्थ उजव्या कमरेतली कळ घेऊन आले. मुतखडा समजून मी औषधे दिली, सोनोग्राफी करवली; तीत काही सापडले नाही. चौथ्या दिवशी त्यांच्या पत्नीने दवाखान्यात त्यांचा सदरा वर केला आणि म्हणाल्या, "डाक्टर, खडा कातड्यातनं बाहीर आला बघा." कमरेपासून जांघेपर्यंत फोडांचा पट्टा होता. तेव्हापासून एका बाजूच्या पट्ट्यासारख्या, आग होणाऱ्या दुखण्यात कारण सापडले नाही तर मी रुग्णाला रोज अंघोळीच्या वेळी ती जागा आरशात पाहायला सांगतो.

आता तोंड आणि शेपूट. कण्याच्या प्रत्येक मणक्यापाशी मज्जातंतूंची एक जोडी निघते, एक डावीकडे जाणारा आणि एक उजवीकडे. डाव्या तंतूची हद्द पाठीच्या मध्यरेषेपासून सुरू होऊन बरगडीखालून पोटाच्या मध्यरेषेपर्यंत येते आणि तिथे संपते. विषाणू सहसा एकाच गाठीतून बाहेर पडतो, म्हणून फोड त्या अर्ध्या पट्ट्यातच उठतात आणि मध्यरेषेशी थबकतात. नागिणीचे तोंड शेपटाला भेटत नाही याचे कारण तिला तिकडे जायला वाटच नसते. १९०० साली हेन्री हेड आणि कॅम्पबेल या डॉक्टरांनी नागिणीच्याच रुग्णांचा अभ्यास करून कोणता तंतू त्वचेच्या कोणत्या भागाला पुरतो याचे नकाशे काढले, म्हणजे या नागिणीने वैद्यकशास्त्राला शरीराचा नकाशा शिकवला असे म्हणायला हरकत नाही.

या समजुतीत सत्याचा एक कण मात्र आहे आणि तो सांगितला नाही तर गावकऱ्यांवर अन्याय होईल. क्वचित एखाद्या रुग्णाला दोन्ही बाजूंना किंवा अंगभर फोड येतात. अशा वेळी प्रतिकारशक्ती फारच खालावलेली असते, विषाणू फुप्फुस, यकृत किंवा मेंदूपर्यंत जाऊ शकतो आणि रुग्ण दगावूही शकतो. जुन्या काळी कोणीतरी असा रुग्ण पाहिला असेल आणि वेढा पूर्ण झाला म्हणून माणूस गेला, असा अर्थ लावला असेल. दोन्ही बाजूंना फोड दिसले तर रुग्णालयात दाखल व्हावे, एवढाच त्याचा उपयोग करावा. नावाचेही पाहा : नागिणीला वैद्यकात हर्पिस झोस्टर म्हणतात. हर्पिस या शब्दाचे मूळ ग्रीक भाषेत सरपटण्याशी आहे आणि झोस्टर म्हणजे कमरपट्टा. सरपटणारा कमरपट्टा दोन संस्कृतींना स्वतंत्रपणे सुचला. आपल्याकडे त्याला फणा फुटला, इतकेच.

काव लावणाऱ्याकडे जावे का, या प्रश्नावर मी कोणाशी भांडत नाही. त्याला यश का येते ते मात्र सांगतो. नागिणीचे नवे फोड तीन ते पाच दिवस येत राहतात, सात ते दहा दिवसांत त्यांवर खपली धरते आणि दोन ते चार आठवड्यांत त्वचा भरून येते. जाणकार तीन वेळा बोलावतो, तोवर हे सगळे निसर्गक्रमानेच झालेले असते. कावेने तेवढ्यापुरता थंडावाही वाटतो. तोटा असा, की त्यात ते ७२ तास जातात आणि थराखाली काय चालले आहे ते दिसत नाही. शिरोळकडच्या एका आजींच्या कपाळावर आणि नाकावर कावेचा जाड थर होता, आणि त्या नवव्या दिवशी माझ्याकडे आल्या. आम्ही तो थर कोमट पाण्याने हळूहळू भिजवून काढला तेव्हा नाकाच्या शेंड्यावर तीन फोड दिसले. नाकाच्या शेंड्याला आणि डोळ्याच्या गोलाला एकाच तंतूची फांदी पुरते, त्यामुळे शेंड्यावर फोड आला की डोळ्यातही विषाणू असण्याची शक्यता फार वाढते. त्यांना त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे पाठवले, पण बुबुळाच्या पारदर्शक पडद्यावर डाग राहून गेला. आजही त्या डोळ्याने त्यांना धुक्यातून पाहिल्यासारखे दिसते. कपाळ, पापणी किंवा नाक यांवरची नागीण ही तातडीची बाब समजावी, आणि कानात फोड येऊन तोंड वाकडे झाले, ऐकू कमी येऊ लागले किंवा चक्कर येऊ लागली तरी तशीच. कमरेखालच्या, बैठकीच्या भागातल्या नागिणीत कधी लघवी तुंबते, तीही लाजेपोटी लपवू नये.

तुमच्या आईंचा पट्टा बरगडीखाली आहे, जो सर्वांत नेहमीचा आहे. औषध म्हणजे अॅसायक्लोव्हिर, व्हॅलासायक्लोव्हिर किंवा फॅमसायक्लोव्हिर. इथे मला एक तक्रार नोंदवायची आहे. औषधाच्या दुकानातून लोक स्वतःच अॅसायक्लोव्हिरचे मलम आणतात, किंवा २०० अथवा ४०० मिलिग्रॅमच्या गोळ्या दिवसातून दोन-तीन वेळा घेतात. विषाणू खोल मज्जागाठीत आहे. वरून चोळलेले मलम तिथे पोहोचत नाही. आणि नागिणीसाठी मूत्रपिंडे चांगली असलेल्या प्रौढाला अॅसायक्लोव्हिर ८०० मिलिग्रॅम दिवसातून पाच वेळा, असे सात दिवस लागते. व्हॅलासायक्लोव्हिर दिवसातून तीनदा घ्यावे लागते, म्हणून विसराळू माणसाला मी तेच देतो. थोडे महाग पडते. हा आकडा वाचून आईंना परस्पर गोळ्या सुरू करू नका. बारा वर्षांच्या मधुमेहात मूत्रपिंडांचे काम मंदावलेले असू शकते, आणि तसे असेल तर हाच डोस कमी करावा लागतो. ते कळायला रक्तातील क्रिएटिनिनची तपासणी पुरते. तिचा निकाल बहुतेक ठिकाणी त्याच दिवशी मिळतो. औषध चालू असताना पाणी भरपूर प्यावे.

७२ तास उलटले तर काय, हेही लोक विचारतात. नवे फोड येतच असतील, वय जास्त असेल, डोळ्याजवळ नागीण असेल किंवा प्रतिकारशक्ती कमी असेल तर उशिरानेही औषध देतो. या औषधाने फोड लवकर वाळतात आणि सुरुवातीच्या वेदनेचे दिवस कमी होतात. नंतर रेंगाळणारी वेदना ते हमखास टाळते, असे मात्र मी कोणत्याही रुग्णाला सांगत नाही, कारण तसे सिद्ध झालेले नाही.

ती रेंगाळणारी वेदना हाच या आजाराचा सर्वांत चिवट भाग आहे. फोड गेल्यावरही तीन महिन्यांहून अधिक काळ दुखत राहिले तर त्याला नागिणीपश्चात मज्जातंतुवेदना म्हणतात. साधारण दहांतल्या एक-दोघांना ती होते, आणि साठीनंतर हे प्रमाण वाढत जाते. सुजेमुळे काही तंतू मरतात, उरलेले अकारण संदेश पाठवत राहतात आणि मज्जारज्जूतली केंद्रे इतकी हळवी होतात की साधा स्पर्शही वेदना म्हणून वाचला जातो. माझ्याकडचे एक निवृत्त शिक्षक भर उन्हाळ्यात पंखा बंद करून बसत. "वारा लागला तरी दुखतंय," असे ते म्हणत, आणि घरच्यांना ते नाटक वाटे. शर्टाचे कापड घासू नये म्हणून त्यांनी जुन्या मऊ धोतराचा पट्टा छातीला घट्ट गुंडाळला होता. घट्ट दाब सोसतो आणि हलका स्पर्श सोसत नाही, हे या वेदनेचे विचित्र लक्षण त्यांनी स्वतःच शोधून काढले होते. अशा वेळी नेहमीच्या वेदनाशामक गोळ्यांचा फारसा उपयोग होत नाही. गॅबापेंटिन, प्रीगॅबालिन किंवा अॅमिट्रिप्टिलिन यांसारखी, तंतूंचा कल्लोळ शमवणारी औषधे कमी मात्रेपासून हळूहळू वाढवावी लागतात. त्यांनी सुस्ती येते. रात्री लघवीला उठताना वृद्ध माणूस तोल जाऊन पडतो आणि नागिणीऐवजी खुब्याचे हाड घेऊन बसतो, म्हणून पहिले काही दिवस रात्री कोणीतरी जवळ झोपावे. गुरुजींची वेदना सात-आठ महिन्यांनी ओसरली. सगळ्यांचे तसेच होईल असे नाही, पण बहुतेकांचे दुखणे कालांतराने कमी होते.

पहिल्या आठवड्यातली वेदनाही अंगावर काढू नये. पॅरासिटामॉलने भागले तर उत्तम. न भागल्यास डॉक्टरांना स्पष्ट सांगावे. डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या आईंना स्वतःहून देऊ नका, मूत्रपिंडांवर दुहेरी ताण येतो. स्टिरॉइडने सुरुवातीची कळ काहीशी कमी होते, पण नंतरची वेदना टळत नाही आणि मधुमेहात साखर भडकते; तुमच्या आईंना मी ते दिले नसते. या दिवसांत साखर तशीही वर-खाली होते, तेव्हा ती तपासत राहा.

त्वचेचे फार सोपे आहे. रोज साध्या पाण्याने अंघोळ करावी. नागिणीत पाणी लावू नये ही समजूत सोडून द्यावी. जागा टिपून कोरडी करावी, हवे तर कॅलामाइन लोशन लावावे, फोड फोडू नयेत आणि वरून सैल सुती कपडा घालावा. खाण्याचे पथ्य मधुमेहाचे आहे तेवढेच. मटण बंद, अंडी बंद, असे करून आजारी माणसाला अशक्त करण्यात काही अर्थ नाही, हे कोल्हापुरात तरी पटायला हरकत नसावी.

आता पत्नींविषयी. आईंकडून कोणालाही नागीण लागणार नाही. पण फोडांतल्या पाण्यात जिवंत विषाणू असतो, आणि ज्याला कधी कांजिण्या झाल्या नाहीत व लसही मिळाली नाही अशा व्यक्तीला त्यापासून कांजिण्या होऊ शकतात. आपल्यासारख्या उष्ण प्रदेशात बऱ्याच जणांना लहानपणी कांजिण्या होतच नाहीत, म्हणून 'सगळ्यांना झालेल्याच असतात' असे गृहीत धरू नका. पत्नींच्या आईंना आजच विचारा. कांजिण्या झाल्याचे खात्रीने आठवत असेल तर घोर नाही. खात्री नसेल तर रक्तातील प्रतिपिंडांची तपासणी करून घ्यावी आणि प्रसूतितज्ज्ञांना लगेच कळवावे. संरक्षण नाही असे ठरल्यास संपर्कानंतर देता येणारे उपाय आहेत, पण तेही वेळेतच द्यावे लागतात. गरोदरपणातल्या कांजिण्यांत फुप्फुसांचा दाह होण्याचा धोका असतो, म्हणून हे टोलवू नये. सर्व फोडांवर खपल्या धरेपर्यंत आईंचा पट्टा झाकलेला असावा, टॉवेल आणि अंथरूण वेगळे असावे, आणि फोडांची देखभाल तुम्ही करावी, पत्नींनी नाही. सासूबाईंना घराबाहेर काढण्याची किंवा त्यांच्याशी बोलणे टाळण्याची काहीही गरज नाही.

लसीबद्दल तुम्ही विचारलेले नाही, तरी वडील हयात असतील तर उपयोगी पडेल. शिंग्रिक्स ही लस भारतात २०२३ पासून मिळते. तिच्यात जिवंत विषाणू नसतो, पन्नाशीनंतर दोन ते सहा महिन्यांच्या अंतराने दोन डोस घेतात, आणि नागीण टाळण्यात ती मोठ्या चाचण्यांत ९० टक्क्यांहून अधिक प्रभावी ठरली. दंड दोन दिवस चांगलाच दुखतो आणि किंमत अनेकांना परवडणारी नाही, म्हणून सरसकट आग्रह मी धरत नाही. मधुमेही आणि संधिवातावर प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे घेणारे रुग्ण मात्र माझ्या यादीत वर असतात. आईंनाही ही लस पुढे घेता येईल, कारण नागीण काही जणांना पुन्हा होते. पण आधी हे फोड पूर्ण भरून येऊ द्यावेत.

तुमचे ७२ तास माझ्या हिशेबाने उद्या संध्याकाळी संपतात. उद्या सकाळी दवाखाना उघडण्याच्या वेळी आईंना घेऊन जा. खाजगीत जमत नसेल तर सीपीआर या कोल्हापुरातल्या सरकारी रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात जा. मधुमेहाच्या औषधांची चिठ्ठी आणि मागच्या रक्ततपासणीचे कागद सोबत ठेवा. आणि आज रात्री कोणी काव लावून गेलेच, तर निघण्यापूर्वी ती कोमट पाण्याने धुऊन काढा, म्हणजे डॉक्टरांना फोड दिसतील.